लागणं

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानाच्या वर
अठरा पायऱ्या.
शेवटच्या पायरीवर दम लागतो
तो चढण्याचा की दुसरा,
हे पहिल्या दिवशी मला सांगता आलं नसतं.

निमिषाबेननी खुर्ची दाखवली,
पंखा एकने कमी केला,
विचारलं, केवुं लागे छे?

एवढंच. कसं वाटतंय.
चाळीस वर्षं बडोद्यात राहून
हे मी भाजीवाल्याकडूनही ऐकलंय.
पण त्या दुपारी माझा कान उठून माहेरी गेला,
आईच्या मराठीत,
जिथे लागणं म्हणजे ढोपर फुटणं,
दाराच्या फटीत बोट सापडणं,
आणि हातातलं काम टाकून कोणीतरी धावत येणं:
कुठे लागलं? बघू.

ओढणी पुरली नाही.

याआधी अलकापुरीतल्या डॉक्टरांनी
चार मिनिटांत झोपेची गोळी लिहिली होती,
मोठ्या दिरांनी पहाटे चालायला सांगितलं होतं
आणि एका शिकलेल्या बाईंनी
आरशासमोर उभं राहून हसायला.
हसलेही मी. आरशातली बाई
पाहुणा कधी उठणार, अशा नजरेने बघत राहिली.

निमिषाबेननी शंभर पानी वही आणायला लावली.
तीन रकाने.

काय घडलं: काळ्या घोड्याजवळच्या पुलावर स्कूटर चढवली नाही, वळवली.
मनात काय आलं: मधोमध छाती बंद पडेल. सुजय शाळेच्या फाटकाशी उभा राहील.
किती टक्के खरं: नव्वद.

अकरा महिने मी तो पूल ओलांडला नव्हता.
पलीकडे माझी नोकरी होती, कॉलेजची प्रयोगशाळा,
ओळीने पुसून ठेवलेल्या काचनळ्या.
आता दुसरीच कोणी पुसत होती.

“घाटगेबेन, ओलांडू नका,” त्या म्हणाल्या.
“नुसत्या उभ्या राहा. दहा मिनिटं, घड्याळ लावून.
भीती चढेल. चढू द्या.
तिला उतरायलाही वेळ लागतो.
तुम्ही दर वेळी ती वर असतानाच घरी परत येता.”

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

उभी राहिले. तिसऱ्या मिनिटाला हातांना मुंग्या.
शेजारी शेंगवाला, त्याच्या पलीकडे
सहासात माणसं कठड्यावर वाकलेली,
खाली विश्वामित्रीच्या चिखलात
जबडा उघडा टाकून ऊन खाणारी मगर.
खरी. दहा फुटी. शंभर टक्के.
माणसं लेकरांना उचलून दाखवत होती,
पेली बाजु, पेली बाजु,
टरफलं खाली उडवत.
तिला कोणी भीत नव्हतं.
मीही नाही.
माझी कठड्याच्या अलीकडे होती.

आठव्या मिनिटाला किंचित उतरली.
मगर तशीच.

हे सरळ झालं नाही.
नवरात्रात चार दिवस मी उठलेच नाही,
वही उशीखाली, खिडकीतून गरब्याचा ढोल,
आणि त्या ढोलाचा मला राग.
रागासकट लिहा, म्हणाल्या.
रात्रीची एक छोटी गोळीही राहिली,
आणि तिची लाज वाटायची, म्हणून तिचंही एक पान.

मग पौषातल्या एका गुरुवारी
मागे बसून सुजय बुटांच्या मापावरून भांडत होता,
आणि कमाटीबागेचं फाटक आलं.
स्कूटर बाजूला घेतली. वळून पाहिलं.
पूल होता, जागेवर.
काय झालं? त्याने विचारलं.
काही नाही. सहा नंबर म्हणालास ना?

त्या दिवशी वहीत लिहायला काही सुचलं नाही.

परवा पुन्हा अठरा पायऱ्या. पुन्हा, केवुं लागे छे?
मी म्हटलं, लागतं हो, निमिषाबेन.
पण आता कुठे लागतं ते
बोट ठेवून सांगता येतं.

त्यांना एवढी मराठी कळली की नाही कोण जाणे.
उठून त्यांनी पंखा एकने वाढवला.